कारला हाताने वॅक्स करताय? आधी हातातला पॅड तपासा

काळी कार उन्हात उभी केली की बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसतात. बहुतेकदा हा दोष कंपनीच्या रंगाचा नसतो. धुताना, पुसताना आणि गंमत म्हणजे गाडी चमकावी म्हणून वॅक्स लावतानाही या रेषा पडतात.

परळी वैजनाथमध्ये तर ही भीती जास्तच. तिथे औष्णिक वीज केंद्र आहे, राखेची वाहतूक आहे आणि उन्हाळ्यातली धूळ वेगळीच. कोळशाच्या राखेत सिलिका भरपूर असते. तिचाच एक प्रकार असलेल्या क्वार्ट्झचा कठीणपणा मोह्स मापावर 7 आहे, तर खिडकीच्या काचेचा साधारण 5.5. जो कण काचेवर चरा पाडू शकतो, तो कारच्या रंगाला काय सोडणार? रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो. डोक्याचा केससुद्धा सहसा याहून जाड असतो.

म्हणूनच ॲप्लिकेटर, म्हणजे वॅक्स लावायचा पॅड, घेताना ब्रँड नंतर बघा. त्यात कण अडकला तर तो तुम्हाला दिसेल का, हे आधी बघा.

घरात सगळ्यात आधी हाताशी येतं ते जुनं बनियन. ते मऊ असतं, पण त्याला लव नसते. कण आत शिरायला जागाच नाही, मग तो कापड आणि रंग यांच्यामध्ये घासत राहतो. शिवण आणि लेबल लागलं तर ओरखडा आलाच. टॉवेलचं कापड त्यापेक्षा बरं, पण ते वॅक्स फार पितं.

डबीतल्या घट्ट वॅक्ससाठी गोल फोम पॅड सोयीचा. छिद्रं बारीक हवीत आणि दाबून सोडल्यावर पॅड लगेच पूर्ववत व्हायला हवा. फोम अडखळत असेल तर पाण्याचा हलका फवारा पुरतो. बाटलीतलं पातळ वॅक्स मात्र फोममध्ये मुरून वाया जातं. त्यासाठी आत स्पंज आणि वर मायक्रोफायबरची खोळ असलेला पॅड चांगला. त्याची लव कण आत ओढून घेते, पण एकदा आत गेलेला कण धुऊनही सहज निघत नाही. त्यामुळे राखेच्या गावात नवख्याने फिकट रंगाच्या फोमपासून सुरुवात केलेली बरी. पांढऱ्या-पिवळ्या पॅडवर राखाडी ठिपका लगेच दिसतो, काळा पॅड तो लपवतो.

शंका असेल तर जुन्या सीडीची चकचकीत बाजू पॅडने हलकेच घासून बघा. रेषा उमटल्या तर तो पॅड बंपरच्या काळ्या प्लास्टिकलाही नको.

पॅड कितीही चांगला असला तरी राखेवरून फिरवला तर तो पॉलिश पेपरच होतो. खरी अडचण इथेच आहे, कारण पाण्याची टंचाई परळीला नवी नाही. 2013 मध्ये पाणी नाही म्हणून इथलं वीज केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. अशा दिवसांत गाडीवर कोरडं फडकं मारण्याची सवय लागते, आणि सगळ्यात जास्त ओरखडे तिनेच पडतात. पाणी मोजकंच असेल तर ते वॅक्सच्या आधीच्या धुण्यासाठी राखून ठेवा. वॅक्स केलेल्या रंगावर राख कमी चिकटते, त्यामुळे पुढच्या वेळी धुण्याचं काम सोपं होतं.

वॅक्स सावलीत आणि पत्रा गार असताना लावा. हाताशी दोन पॅड ठेवा, कारण जमिनीवर पडलेला पॅड त्या दिवसापुरता बाद. वॅक्स पुसून काढायला वेगळं मायक्रोफायबर कापड घ्या.

काम झालं की पॅड सौम्य साबणाने धुवा. मायक्रोफायबरला फॅब्रिक कंडिशनर लावू नका, त्याने तंतू बुजतात. वाळत घालताना अंगणातली दोरी टाळा, राख तिथेही येते. घरात वाळवून झिपच्या पिशवीत ठेवून द्या.