ग्लिया पेशींचा दाह-प्रतिसाद

ग्लिया पेशींचा दाह-प्रतिसाद म्हणजे संसर्ग किंवा इजा झाल्यावर मेंदूतील आधारपेशींच्या रचनेत व कार्यात होणारे बदल होत. हा प्रतिसाद मेंदूचे रक्षण करतो; मात्र तो तीव्र झाल्यास चेतापेशींचा नाश होऊ शकतो. त्याचा अभ्यास प्रामुख्याने उंदरांवर झाला असून मानवी पेशींचे वर्तन काही बाबतींत वेगळे असल्याचे आढळले आहे.

स्वरूप

मायक्रोग्लिया या मेंदूतील रोगप्रतिकारक पेशी होत. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांचे स्वतंत्र वर्णन केले. अ‍ॅस्ट्रोसाइट अर्थात तारकापेशी चेतापेशींना पोषक द्रव्ये पुरवतात आणि चेतासंधींची निर्मिती व कार्य यांना साहाय्य करतात. दाह सुरू झाला की मायक्रोग्लिया इंटरल्युकिन-१ अल्फा, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर आणि सी१क्यू ही प्रथिने स्रवतात. त्यांच्या एकत्रित प्रभावाने काही तारकापेशी आधाराचे कार्य सोडून चेतापेशींना घातक ठरतात, असे शेन लिडेलो, बेन बॅरेस व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले. ही तिन्ही प्रथिने नसलेल्या उंदरांत दाह निर्माण केल्यावर अशा घातक तारकापेशी तयार झाल्या नाहीत.

उंदीर आणि मानव

मानवी तारकापेशींचा व्यास उंदरांच्या तुलनेत सुमारे २.६ पट असतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासानुसार, दाहकारक परिस्थितीत मानवी तारकापेशींमध्ये प्रतिजन-सादरीकरणाशी संबंधित जनुके कार्यरत होतात. उंदरांच्या पेशींत तसे आढळले नाही. प्राणवायूच्या कमतरतेत उंदरांच्या तारकापेशी दुरुस्तीला साहाय्यक जनुके कार्यरत करतात, मानवी पेशी मात्र करत नाहीत. ऑक्सिडीकरणाच्या ताणालाही मानवी पेशी अधिक सहज बळी पडतात.

चांदीपुरा विषाणू

या विषयाचा महाराष्ट्राशी संबंध चांदीपुरा विषाणूमुळे येतो. १९६५ मध्ये पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी तो नागपूरजवळील चांदीपुरा येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून वेगळा केला. वालुमाशीमार्फत पसरणारा हा विषाणू मुख्यतः लहान मुलांत मेंदूज्वर उत्पन्न करतो. २००३ मध्ये आंध्र प्रदेशातील उद्रेकात ३२९ बालके बाधित झाली व त्यांपैकी १८३ दगावली. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, या संसर्गात मायक्रोग्लिया उत्तेजित होऊन चेतापेशींच्या मृत्यूस कारणीभूत ठरतात. हे संशोधन उंदरांवर आधारित होते.

महत्त्व

चांदीपुरा मेंदूज्वरावर विशिष्ट औषध किंवा लस उपलब्ध नसल्याने उपचार लक्षणांनुसार केले जातात. दाह रोखणारे एखादे औषध उंदरांत गुणकारी ठरले तरी मानवी ग्लिया पेशी त्याला तसाच प्रतिसाद देतील असे गृहीत धरता येत नाही. म्हणून उंदरांवरील निष्कर्ष मानवी पेशींवर पडताळून पाहणे आवश्यक मानले जाते.