आरशाची श्रुती

लहानपणी दिवाळीच्या सुटीत सोलापूरहून मीटरगेजच्या गाडीने विजापूरला जायचे, हा आमच्या घरचा ठरलेला बेत असे. गोलघुमटाच्या सज्जात उभे राहून आम्ही भावंडे आपापली नावे पुकारायचो आणि १६५६ साली पुरा झालेला तो घुमट ती पुन्हा पुन्हा परत करायचा. पुढे मी सोलापुरातच एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवू लागलो, तेव्हा प्रकाशाचा घुमट समजावून सांगताना हाच दाखला कामी आला.

प्रकाशाचा घुमट म्हणजे समोरासमोर ठेवलेले दोन आरसे. शार्ल फाब्री आणि आल्फ्रेद पेरो या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मार्सेय शहरात घडवला. आरशांवर चांदीचा मुलामा इतका पातळ, की थोडा प्रकाश आरपार जावा. आत शिरलेला किरण येरझारा घालू लागतो. दर फेरीच्या लाटा पावलात पाऊल टाकून चालल्या तर एकमेकींना बळ देतात आणि तेजस्वी वर्तुळे उमटतात. पाऊल चुकले की अंधार. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाला एका वर्तुळाच्या जागी दुसरे आणायचे, तर आरसा अवघा २९५ नॅनोमीटर हलावा लागतो. केसाच्या जाडीचे दोनशेहून अधिक भाग करावेत, त्यातला हा एक.

एका मे महिन्यात या उपकरणापाशी बसलेला एक विद्यार्थी म्हणाला, “सर, वर्तुळं चालतायत.” मी न पाहताच म्हटले, “वर्तुळं चालत नाहीत, तुझी नजर चालते आहे. नीट बस.” मुले हसली. तो विणकराच्या घरातला, मुळातच बुजरा. त्या दिवसानंतर त्याने वर्गात प्रश्न म्हणून विचारला नाही.

आता हा आरसा इतका थोडा सरकवायचा कसा? ज्याने मिरजेचा तंबोरा जुळवला आहे त्याला याचे उत्तर निम्मे ठाऊक असते. खुंटी पिळून तार सुराच्या आसपास येते. नेमकी श्रुती मिळते ती घोडीपलीकडचा मणी सरकवून. स्क्रू ही आरशाची खुंटी. त्याचा मणी निघाला स्फटिकांतून. क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला की त्यावर विद्युत्भार प्रकटतो, हे १८८० साली जाक आणि पिएर क्युरी या बंधूंना आढळले. याच्या उलटही घडले पाहिजे, असे पुढल्याच वर्षी लिपमन यांनी गणिताने दाखवले, आणि वीज दिली की स्फटिक किंचित ताणतो हे क्युरी बंधूंनी प्रयोगाने सिद्ध केले. पण क्वार्ट्झ मोठा कंजूष! हजार व्होल्ट द्यावेत, तेव्हा दोन-सव्वादोन नॅनोमीटर पुढे सरणार. १९५० नंतरच्या दशकात शिसे, झिर्कोनियम आणि टायटेनियम यांच्या संयुगाची भाजून केलेली चिनीमातीसारखी वस्तू आली. ती क्वार्ट्झच्या शंभरपटींहून अधिक हलते. तिच्यावर आरसा चिकटवला, की मणी तयार.

तो आला अगदी वेळेवर. १९६० साली लेसर जन्मला आणि त्याच्या पोटातही हाच दोन आरशांचा घुमट. बारामतीत १९३८ साली जन्मलेल्या, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या कुमार पटेल यांनी १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडचा लेसर केला. अशा लेसरांचा सूर नेमका राखायला हे वीजेने सरकणारे आरसे वापरात आले. यातली खरी युक्ती अशी, की आरसा मुद्दाम किंचित थरथरवतात. त्याने प्रकाश कमीजास्त होतो आणि त्यावरून आरसा कोणत्या बाजूला चुकला ते कळते. मग तेवढीच वीज त्याला माघारी आणते. २०१५ साली गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतील लायगो वेधशाळेत चार-चार किलोमीटर लांबीचे घुमट आहेत, आणि शेवटी प्रकाश गाळून घेणाऱ्या छोट्या घुमटात असेच आरसे आहेत. तशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास २०२३ साली मंजुरी मिळाली.

ही युक्ती वाचली त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आमच्या उपकरणाची चौकट पितळेची, आरशांत अंतर एक सेंटिमीटर. एक अंश उष्णता वाढली की पितळ तेवढ्या लांबीत सुमारे १९० नॅनोमीटर वाढते. म्हणजे दीड अंशात एक अख्खे वर्तुळ! आणि सोलापूरचा मे महिना! वर्तुळे खरोखरच चालत होती.

पुढच्या दिवाळीत तो फराळाचा डबा घेऊन आला. मी त्याच्यापुढे तो कागद ठेवला. त्याने सगळे आकडे वाचले, हसला आणि म्हणाला, “सर, मी तेव्हा डोळे तपासून आलो होतो.”

मला हसता आले नाही. यंत्र चूक ऐकून घेते आणि आपला आरसा सरकवते. मला तेवढे सरकायला कितीतरी वर्षे लागली.