वाहिन्यांची तीस मिनिटे : नियम आहे, हिशोब कोण मागणार?

खासगी टीव्ही वाहिन्यांनी रोज किमान तीस मिनिटे लोकहिताचे कार्यक्रम दाखवावेत, असा नियम देशात आहे. आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांना तो माहीत नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ नोव्हेंबर २०२२ रोजी मंजूर केलेल्या अपलिंकिंग-डाउनलिंकिंग मार्गदर्शक तत्त्वांमध्ये हे बंधन आहे. त्यात आठ विषय दिले आहेत : शिक्षण, शेती, आरोग्य, विज्ञान, महिला कल्याण, पर्यावरण व वारसा, राष्ट्रीय एकात्मता आणि दुर्बल घटकांचे कल्याण.

हे सरकारने केलेले उपकार नव्हेत. प्रसारण लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल खटल्यात सांगितले. तो मुख्य निकाल न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिला. मालमत्ता जनतेची असेल, तर ती वापरून नफा कमावणाऱ्याने जनतेला काही परत द्यायला हवे. साधा हिशोब आहे.

अडचण अंमलबजावणीत आहे. जानेवारी २०२३ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने काढलेल्या सूचनापत्रानुसार तीस मिनिटे सलग असण्याची गरज नाही, तुकडे चालतात. मालिकेत किंवा दुसऱ्या कार्यक्रमात मिसळलेला मजकूरही मोजला जातो. तोच कार्यक्रम पुन्हा दाखवता येतो, दुसऱ्या वाहिनीचाही घेता येतो. मध्यरात्री ते सकाळी सहा ही वेळ धरली जात नाही, एवढीच काय ती अट. मासिक अहवाल वाहिनी स्वतःच पोर्टलवर भरते. विषयाची निवडही तिचीच. म्हणजे आरोग्याच्या छोट्या फिती फिरवून एखादी वाहिनी वर्ष काढू शकते. दुर्बल घटकांना एक मिनिट दिले नाही, तरी कागदोपत्री नियम पाळलेला असतो!

निवड करणारे कोण, हेही पाहावे लागते. ऑक्सफॅम इंडिया व न्यूजलाँड्रीच्या २०१९ च्या अभ्यासात वर्तमानपत्रे, वाहिन्या, मासिके आणि वेबसाइट्स यांतील १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ पदांवर सवर्ण आढळले. अनुसूचित जाती-जमातीचे कोणीही नव्हते.

मग नियंत्रक कोण? ट्राय दर आणि वितरण पाहते, आशय नाही. आशयाच्या तक्रारींसाठी २०२१ पासून त्रिस्तरीय रचना आहे : आधी वाहिनी, मग स्वयंनियामक संस्था, शेवटी केंद्र सरकार. वृत्तवाहिन्यांच्या स्वयंनियमनातील एक लाख रुपयांचा कमाल दंड प्रभावी नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेच ऑगस्ट २०२३ मध्ये सुनावले. ब्रिटनमध्ये ऑफकॉम ही सरकारपासून वेगळी वैधानिक संस्था व्यावसायिक प्रसारकाला त्याच्या संबंधित उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड करू शकते. २००८ साली तिने आयटीव्हीला ५६ लाख पौंडांहून अधिक दंड केला होता. दंड उत्पन्नाशी जोडला की मोठ्या वाहिनीलाही तो लागतो.

पण छडी मंत्रालयाच्या हाती द्यावी का? आमचे मत स्पष्ट आहे : नाही. मल्याळम वाहिनी मीडियावनचा परवाना मंत्रालयाने सुरक्षेचे कारण देऊन नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी तो निर्णय रद्द केला. परवाना थांबवण्याचे हत्यार टीकाकारांवर आधी चालते. शिवाय ‘राष्ट्रीय एकात्मता’ या नावाखाली ही तीस मिनिटे सरकारी प्रचाराची होण्याचा धोका आहेच. म्हणून संसदेला उत्तरदायी असा स्वतंत्र प्रसारण आयोग हवा, त्यात अनुसूचित जाती-जमाती व अल्पसंख्याकांचे प्रतिनिधित्व हवे. आठही विषयांना किमान वेळ ठरलेला असावा, त्यातला काही भाग रात्री आठ ते दहामध्ये यावा आणि मासिक अहवाल सर्वांना पाहता यावेत. पुनःप्रसारण पूर्ण वेळेत धरू नये.

आयोग होईल तेव्हा होईल. तोवर माहिती अधिकार आहे. एखाद्या मराठी वाहिनीचा मासिक अहवाल आणि त्यात दुर्बल घटकांसाठी दाखवलेली मिनिटे, दोन्ही मंत्रालयाकडे मागता येतात. वाहिनीने ध्वनिचित्रमुद्रण ९० दिवस जपून ठेवायचे असते आणि माहिती अधिकाराच्या उत्तराची मुदत ३० दिवस आहे. त्यामुळे १४ एप्रिल किंवा ६ डिसेंबरच्या प्रसारणाबद्दल विचारायचे असेल, तर अर्ज त्याच आठवड्यात टाकावा.