अठरा तास अभ्यासाची गोष्ट आणि सोलापूरचे वसतिगृह

एप्रिल उजाडला की आपल्या वस्त्यांमध्ये जयंतीचे मंडप पडतात. अलीकडे या मंडपात एक नवा पाहुणा हमखास दिसतो: करिअर मार्गदर्शक. तो मुलांना सांगतो, "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे. परिस्थितीचं रडगाणं गाऊ नका. मनात आणलं तर काहीही अशक्य नाही." टाळ्या पडतात, सत्कार होतो, मार्गदर्शक पुढच्या कार्यक्रमाला निघून जातो. मग मे महिना येतो. कॉलेजला सुट्टी लागते, हॉस्टेलची मेस बंद होते आणि टाळ्या वाजवणारी तीच मुले बॅग उचलून गावाकडे जाणारी एसटी पकडतात. कुणी लग्नात वाढप्याचे काम धरतो, कुणी वीटभट्टीवर जातो, कुणी बापाबरोबर गवंड्याच्या हाताखाली. त्यांच्याच वर्गातली दुसरी मुले त्या दोन महिन्यांत पुण्या-मुंबईला इंटर्नशिप करतात, क्लास लावतात, सहलीला जातात. जूनमध्ये दोघे पुन्हा एकाच बाकावर बसतात. तोवर अंतर पडलेले असते आणि त्या अंतराला सगळे 'मेरिट' म्हणतात.

अठरा तास अभ्यासाची गोष्ट खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. ती अर्धी आहे, एवढेच आमचे म्हणणे. बाबासाहेबांनी स्वतःच्या विद्यार्थिजीवनातून "पोरांनो, आणखी मेहनत करा" एवढाच धडा काढला असता, तर ते व्याख्याने देत फिरले असते. प्रत्यक्षात त्यांनी काय केले, हे पाहायचे असेल तर सोलापूरचा इतिहास उघडावा लागतो. पण त्याआधी एका उन्हाळी सुट्टीची आठवण काढली पाहिजे.

साल 1901. रामजी सुभेदार खटाव तालुक्यातील गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. मुले साताऱ्यात शिकत होती. सुट्टीत वडिलांकडे जायचे ठरले. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले नवे कपडे घालून आगगाडीत बसली आणि मसूर स्टेशनवर उतरली. पत्र वेळेवर न पोचल्याने न्यायला कुणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली. मुले महार आहेत हे कळताच तो मागे सरला. बैलगाडीवाले मुलांना न्यायला तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाडे घेऊन तयार झाला, पण अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूने चालणार. रात्री टोलनाक्यावर मुक्काम पडला. जवळ शिदोरी होती, पण पाणी कुणी देईना. मुले उपाशी झोपली. पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी हा प्रवास सविस्तर लिहिला आहे.

यातला मुद्दा नीट पाहा. मुलांकडे तिकीट होते, पैसे होते, कपडे होते, डबा होता. वडील सरकारी कामावर पगारदार होते. म्हणजे प्रश्न फक्त गरिबीचा नव्हता. शाळेतून घरापर्यंतच्या वाटेवर जात उभी होती.

त्याच 1901 साली, एप्रिल महिन्यात, शेजारच्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले आणि पुढे जातीजातींसाठी वसतिगृहांची रांगच उभी केली. 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. खेड्यातला मुलगा शहरात शिकायला आला तर आधी त्याला अंथरूण आणि भाकरी लागते, हे त्या राजाने ओळखले होते.

आता बाबासाहेबांचे कॉलेजजीवन पाहू. 1913 मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी होती. विद्यापीठाच्या वसतिगृहात राहायला खोली होती, नवल भथेनांसारखा मित्र होता, हवे तितके ग्रंथ होते. मेहनत तर त्यांनी अफाट केली. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र अशा विषयांचे वर्ग भराभर घेतले, जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. पण त्या मेहनतीच्या पायाखाली शिष्यवृत्ती होती, खोली होती आणि ग्रंथालय होते. मार्गदर्शक आपल्याला मेहनत सांगतो आणि पायाखालची जमीन गाळतो.

ती जमीन काढून घेतली की काय होते, हेही बाबासाहेबांच्याच आयुष्यात दिसते. 1917 मध्ये ते परदेशातून परतले आणि शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. शिक्षण कोलंबिया आणि लंडनचे. पण बडोद्यात राहायला एक खोली मिळेना. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत दीड रुपया रोजाने राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायचे फर्मान देऊन गेले. दोन मित्रांनीही घरात घेण्याबाबत असमर्थता दाखवली. तो दिवस त्यांनी सार्वजनिक बागेत काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. पदवी होती, नोकरी होती, डोक्यावर छप्पर नव्हते. देशातल्या सर्वाधिक शिकलेल्या तरुणांपैकी एकाचे 'करिअर' एका खोलीअभावी तिथे थांबले.

या पार्श्वभूमीवर 1924 कडे या. त्या वर्षी बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेच्या उद्दिष्टांत पहिले उद्दिष्ट शिक्षणप्रसाराचे आणि त्यासाठी सांगितलेला मार्ग वसतिगृहांचा. त्यानंतर वाचनालये, अभ्यासमंडळे, औद्योगिक आणि शेतकी शाळा. आणि 4 जानेवारी 1925 रोजी सभेने अस्पृश्य समाजातील हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले, ते आपल्या सोलापुरात. महाडचा सत्याग्रह व्हायला अजून दोन वर्षे होती.

वसतिगृहाची व्यवस्था सोलापूरचे कार्यकर्ते जिवाप्पा ऐदाळे पाहत. मुलांचे जेवण, कपडे, वह्या-पुस्तके यांचा भार सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेचीही मदत झाली. त्या विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवले आणि मोफत वाचनालयही चालवले. आज आपण ज्याला 'कॅम्पस लाइफ' म्हणतो ते दुसरे काय असते? एकत्र राहणे, एका पंगतीत जेवणे, वाचणे, लिहिणे, छापणे, वाद घालणे.

सोलापूरच का, याचे उत्तर आम्हाला या शहराच्या ठेवणीत दिसते. सोलापूर हे गिरण्यांचे आणि रेल्वेचे शहर. आजूबाजूच्या दुष्काळी मुलखातला माणूस कामासाठी इथे येत होता. गावात चार इयत्ता झाल्या की पुढच्या शिक्षणासाठी हायस्कूल असलेले शहर गाठावे लागे. सवर्ण मुलाला शहरात नातेवाईक, वार लावून जेवणाची सोय, जातीचे बोर्डिंग, काहीतरी मिळे. आपल्या मुलाला शाळेच्या फाटकाबाहेर काहीच नव्हते. नवी शाळा काढण्यापेक्षा असलेल्या शाळेपर्यंत मुलाला पोचवून तिथे टिकवणे महत्त्वाचे होते. मसूरच्या वाटेवर तहानलेला मुलगा आणि बडोद्याच्या बागेत बसलेला तरुण, दोघांचेही उत्तर सोलापूरच्या त्या वसतिगृहात आहे, असा आमचा या इतिहासाचा अर्थ आहे.

पुढची साखळीही याच दिशेने जाते. 1928 मध्ये बाबासाहेबांनी डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी स्थापन करून वसतिगृहांचे काम वाढवले. 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर विज्ञान-तंत्रज्ञानाच्या आणि परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी लेखी मांडली. 1944 मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, जिथे नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरत. 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद कॉलेज आणि त्याला लागून वसतिगृहे. प्रत्येक पायरीवर प्रश्न एकच: मुलगा राहणार कुठे, खाणार काय, पोचणार कसा?

ज्यांना आपली प्रगती खुपते त्यांनाही हे चांगले कळते. 2015 च्या डिसेंबरमध्ये हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला आणि त्याच्या चार साथीदारांना वसतिगृहातून बाहेर काढले गेले. ते उघड्यावर राहिले आणि त्या जागेला त्यांनी 'वेलीवाडा' म्हटले, म्हणजे दलितवस्ती. 17 जानेवारी 2016 रोजी रोहित गेला. बडोदा ते हैदराबाद हे अंतर 98 वर्षांचे आहे आणि शिक्षा तीच आहे: खोली काढून घेणे.

यावर काही मित्र म्हणतील, "आता काळ बदलला. सोलापुरात 2004 पासून स्वतःचे विद्यापीठ आहे, सरकारी वसतिगृहे आहेत, स्वाधार योजना आहे." बदल झाला आहे आणि तो चळवळीने लढून आणला आहे. पण प्रश्नाने जागा बदलली आहे. पूर्वी मुलगा फाटकाबाहेर अडत होता, आज तो सुट्टीत अडतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या अभ्यासक्रमांत इंटर्नशिपला, ऑन जॉब ट्रेनिंगला श्रेयांक आहेत. अक्कलकोट किंवा करमाळ्याच्या मुलीने ते प्रशिक्षण कुठे घ्यायचे? पुण्यात बिनपगारी जागा मिळाली तरी दोन महिन्यांची कॉट, मेस आणि बसपास यांचे पैसे कोण देणार? खोली बघायला गेल्यावर घरमालक आडनाव विचारतो, त्याचे काय? अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि खोली नाही म्हणून अनुभव नाही.

दुसरा आक्षेप असा की गरीब तर सगळ्याच जातींत आहेत. आहेत, आणि त्यांनाही सोय मिळालीच पाहिजे. पण मसूर स्टेशनवरच्या मुलांच्या खिशात पैसे होते, हे विसरू नका. शहरात ओळखीचा मामा, वडिलांचा साहेबमित्र, 'आमच्या कंपनीत पाठवून दे' म्हणणारा काका, ही पिढ्यान्‌पिढ्यांची मालमत्ता असते. ती सातबाऱ्यावर दिसत नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. समाजकल्याणची आणि विद्यापीठाची वसतिगृहे उन्हाळ्यात मेससह चालू ठेवा. श्रेयांकासाठी इंटर्नशिप सक्तीची करायची असेल तर तिच्या प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च शिष्यवृत्तीत धरा. स्वाधारचे पैसे वर्ष संपल्यावर नव्हे, भाडे द्यायच्या वेळी द्या.

आणि थोडे आपल्यासाठीही. पुण्या-मुंबईत, हैदराबाद-बंगळूरला स्थिरावलेल्या आपल्या माणसांनी मे आणि जूनमध्ये एका विद्यार्थ्यासाठी घरात एक कॉट मोकळी करावी. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवस कमी झाला तर किती पोरांची दोन महिन्यांची मेस भागेल, याचा हिशेब मंडळांनी मांडावा. विहारात कुठल्या इंटर्नशिपची, कुठल्या परीक्षेची मुदत कधी आहे याचा फलक लागावा. 4 जानेवारी 2025 रोजी सोलापूरच्या वसतिगृहाला शंभर वर्षे पूर्ण झाली. दरवर्षी त्या दिवशी आपल्या शहरातल्या एका वसतिगृहात जाऊन पाणी, जेवण, खोल्या आणि वाचनालय यांची पाहणी व्हावी आणि त्याचा अहवाल अधिकाऱ्यांच्या टेबलावर पोचावा. अभिवादनाचा याहून चांगला मार्ग आम्हाला दिसत नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये मंडपात कुणी अठरा तासांची गोष्ट सांगितली, तर टाळ्या जरूर वाजवा. मग हात वर करून विचारा: "सर, ते अठरा तास बसायचं कुठल्या खोलीत?"

जय भीम.