महोगनीत जडवलेला गरुड

१/ १७८३ मध्ये ब्रिटनने अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य केले. पुढच्या काही दशकांत बॉस्टन, सेलम, न्यूयॉर्क, बाल्टिमोर येथील धनिकांच्या घरांत नव्या धाटणीचे फर्निचर आले. ‘फेडरल शैली’ हे त्याचे नाव. त्याच्या नक्षीत नव्या राष्ट्राचा अभिमान दिसतो. लाकडात मात्र दुसराच इतिहास दडलेला आहे.

२/ या शैलीची प्रेरणा प्राचीन रोमची. हर्क्युलेनियम (१७३८) आणि पॉम्पेई (१७४८) येथील उत्खननांनंतर युरोपला रोमन कलशांचे आणि पुष्पमाळांचे वेड लागले. हेपलव्हाइट (१७८८) व शेरेटन (१७९१ पासून) यांच्या लंडनमध्ये छापलेल्या नमुना-पुस्तकांतून ते अमेरिकेत पोहोचले. राजाची सत्ता झुगारली, अभिरुची मात्र लंडनचीच राहिली.

३/ जुने वळणदार पाय गेले. खाली निमुळते होत जाणारे सडपातळ पाय आले. सेलमचा सॅम्युअल मॅकिंटायर फळांच्या टोपल्या आणि गव्हाच्या पेंढ्या कोरीत होता. तरीही या शैलीची खरी ओळख ठरले ते सपाट पृष्ठभागावरचे जडावकाम.

४/ गडद महोगनीत फिकट लाकडाचे पातळ तुकडे बसवले जात. पाकळीला छटा देण्यासाठी रंग वापरीत नसत. तुकड्याची कड तापलेल्या वाळूत क्षणभर खुपसली, की ती तपकिरी होई आणि सपाट पाकळी उठावदार भासे. किंचित उशीर झाला, तर तुकडा कोळसाच!

५/ अशी पदके घडवणारे कारागीर निराळे असत. फर्निचर बनवणारे ती तयार विकत घेत. या कारागिरांपैकी बहुतेकांची नावे आज अज्ञात आहेत. हात ओळखू येतो तो केवळ लकबीवरून. मधली पाकळी लांबवलेले घंटाफूल दिसले, की जाणकार बाल्टिमोरचे नाव घेतात.

६/ १७८२ मध्ये गरुड राष्ट्रमुद्रेवर आला आणि लवकरच मेजांवर, कपाटांवर, घड्याळांच्या पेट्यांवरही विराजमान झाला. रोमन कलशाशेजारी बसलेले हे स्वातंत्र्याचे चिन्ह.

७/ पण ज्या महोगनीत तो जडवला, ती कॅरिबियन बेटांवरून आणि होंडुरासच्या उपसागराकाठच्या अरण्यांतून येई. तिथे गुलाम माणसे उंच झाडांवर चढून, पानांच्या रंगावरून दूरवरचे महोगनी वृक्ष हेरीत. ते तोडून ओंडके नदीपर्यंत ओढणे आणि पुराच्या पाण्यात सोडणे, हेही त्यांच्याच माथी.

८/ संग्रहालयात अशा मेजापुढे शहर, साल आणि कधी कारागिराचे नाव वाचायला मिळते. लाकडाबद्दल बहुधा एकच शब्द असतो: महोगनी. गरुडाचे कौतुक जरूर करावे. पण त्याच्या पंखांभोवतीचा तो तांबूस-काळा पृष्ठभागही पाहावा. स्वातंत्र्याचे चिन्ह ज्यावर उमटले, ते लाकूड स्वातंत्र्य नाकारलेल्या हातांनी तोडलेले होते.