रेंजर जहाज

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई आरमारातील बारा तोफांचे, दोन डोलकाठ्यांचे युद्धजहाज. ८ एप्रिल १७८३ रोजी ते मराठ्यांनी विजयदुर्गनजीक पकडले. तहानंतर घडलेली लढाई म्हणून या घटनेस महत्त्व आहे.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्स इंग्रजांविरुद्ध उतरल्यावर म्हैसूरला फ्रेंचांचे साहाय्य मिळाले. त्यामुळे इंग्रजांना पुणे दरबाराशी तह करणे निकडीचे झाले. सालबाईचा तह १७ मे १७८२ रोजी ठरला. तथापि नाना फडणीस यांनी हैदर अलीच्या मृत्यूनंतर, डिसेंबर १७८२ मध्ये त्यास संमती दिली. २४ फेब्रुवारी १७८३ रोजी तहनाम्यांची अदलाबदल झाली.

विजयदुर्ग १७५६ पासून पेशव्यांकडे होता व तेथील आरमारावर आनंदराव धुळप यांचा अंमल होता. त्याच्या दक्षिणेस मालवणचा सिंधुदुर्ग कोल्हापूरकर छत्रपतींकडे असून त्यांचे आरमार स्वतंत्र होते. मराठे या समुद्रावर आपली सत्ता मानीत व दस्तकाविना फिरणारी जहाजे अडवीत. इंग्रज त्यास चाचेगिरी म्हणत.

बेदनूर मोहिमेतील जनरल मॅथ्यूज यास दूर करून मुंबई सरकारने मक्लाउड याची नेमणूक केली होती. तो, कर्नल हंबरस्टन व मेजर शॉ यांना घेऊन रेंजर ५ एप्रिल रोजी मुंबईहून निघाले. दोन मोठी जहाजे, एक लहान जहाज व आठ गलबते यांनी त्यास घेरले. चार तासांहून अधिक झुंज झाली. जहाजावरील बहुतेक लोक ठार वा जखमी झाल्यावर ते मराठ्यांच्या हाती पडले. शॉ ठार झाला. मक्लाउड जखमी झाला. हंबरस्टन ३० एप्रिल रोजी विजयदुर्ग येथे मरण पावला.

तहाची वार्ता आरमारास पोहोचली नव्हती, असे मराठ्यांकडून सांगण्यात आले. इंग्रज लेखकांनी मात्र या प्रकारास विश्वासघात ठरविले. जहाज त्याच वर्षी परत करण्यात आले, तरी नवा सेनापती वेळेवर पोहोचला नाही. मॅथ्यूजने बेदनूर येथे टिपूपुढे शरणागती पत्करली व तो कैदेतच मरण पावला. मक्लाउडने बरे झाल्यावर मलबारातील फौजेचे नेतृत्व केले आणि डिसेंबर १७८३ मध्ये कण्णूर घेतले.

कोल्हापूरकरांचे स्वतंत्र आरमार पुढेही टिकले. १८१२ च्या तहान्वये त्यांनी मालवण इंग्रजांना दिले व सशस्त्र जहाजे न पाठविण्याचे मान्य केले.