वंगणाची मुदत : टर्बोचार्जरयुक्त वाहनांतील इंजिन ऑइल बदलाच्या नियमाची ऐतिहासिक वाटचाल
(विशेष संदर्भ : परळी वैजनाथ परिसर)

प्रस्तावना

मराठवाड्याच्या सामाजिक व आर्थिक परिवर्तनात मोटार वाहनाचा वाटा मोठा आहे. एस.टी., मालट्रक, जीप आणि ट्रॅक्टर यांनी खेड्यांना बाजारपेठांशी जोडले, तसेच ऊसतोड मजुरांच्या हंगामी स्थलांतराचे स्वरूपही बदलून टाकले. रस्ते व वाहतूक यांच्या इतिहासाकडे अभ्यासकांचे लक्ष गेले असले, तरी वाहन चालू ठेवणाऱ्या देखभालीच्या परंपरेचा इतिहास मात्र बराचसा दुर्लक्षित राहिला आहे.

या परंपरेतील सर्वांत रूढ नियम म्हणजे 'पाच हजार किलोमीटर झाले की ऑइल बदलावे' हा होय. परळी वैजनाथसारख्या तालुक्याच्या गावी गॅरेजमध्ये तो आजही सांगितला जातो. याउलट टर्बोचार्जर असलेल्या अनेक नव्या मोटारींच्या माहितीपुस्तिकेत हीच मुदत दहा ते पंधरा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी दिलेली असते. मुदत चुकीने लांबविली तर टर्बोचार्जर व इंजिन यांच्या दुरुस्तीचा मोठा खर्च सोसावा लागतो. विनाकारण आखूड केली तर पैसा वाया जातो आणि घातक टाकाऊ तेलात भर पडते. प्रस्तुत लेखात या दोन आकड्यांचा ऐतिहासिक उगम तपासून परळी परिसराच्या संदर्भात त्यांचे मूल्यमापन केले आहे.

वंगणाची पूर्वपरंपरा

यंत्रयुगापूर्वीही वंगणाचे महत्त्व शेतकऱ्याला ठाऊक होते. बैलगाडीच्या आसाला एरंडेलासारख्या तेलात भिजवलेल्या चिंध्यांचे वंगण घातले जाई. ते केव्हा घालावयाचे याचे कोष्टक नव्हते. चाक करकरू लागले की वंगण संपले, असे मानले जाई. म्हणजे मुदत अंतरावर नव्हे, तर स्थितीवर ठरत असे. एरंडेल तेलाचा मोटारयुगाशीही संबंध आला. इंग्लंडमधील वेकफिल्ड कंपनीने १९०९ मध्ये बाजारात आणलेल्या 'कॅस्ट्रॉल' या वंगणाचे नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडले.

बीड जिल्हा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. संस्थानच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी मार्ग परिवहन सेवा सुरू केली. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ अस्तित्वात आले. सार्वजनिक वाहतुकीबरोबर आगार व कार्यशाळा आल्या आणि ठरावीक अंतरानंतर देखभाल करण्याची शिस्तही आली. गाडीच्या आवाजाची जागा आता किलोमीटरच्या नोंदीने घेतली.

आखूड मुदतीची कारणे

आरंभीच्या मोटारींचे तेल काहीशे मैलांवरच बदलावे लागे. त्या तेलात मळ धरून ठेवणारी रसायने नव्हती आणि तेल गाळण्याची सोयही नव्हती. अमेरिकेत १९२३ मध्ये मोटारीसाठी ऑइल फिल्टर आला. १९३० च्या दशकात कॅटरपिलर कंपनीच्या डिझेल इंजिनांत पिस्टनच्या कड्या काजळीने चिकटू लागल्या. त्यावर उपाय म्हणून १९३५ मध्ये 'डेलो' हे रसायनमिश्रित तेल बाजारात आले. त्यानंतर मळ धुणारी, झीज रोखणारी व आम्ल मारणारी रसायने तेलाचा अविभाज्य भाग बनली आणि मुदत क्रमाने वाढत गेली. पुढे अमेरिकेत तीन हजार मैलांचा नियम दीर्घकाळ रूढ होता. तीन हजार मैल म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटर. भारतातील पाच हजारांचा नियम जवळजवळ तेवढाच भरतो.

भारतात वंगणतेलाच्या देशी उत्पादनाला १९६९ मध्ये महत्त्वाचा टप्पा लाभला. भारत सरकार व एस्सो कंपनी यांच्या भागीदारीतील 'लूब इंडिया'चा प्रकल्प त्या वर्षी मुंबईत कार्यान्वित झाला. १९७४ मध्ये एस्सो व लूब इंडिया यांतून हिंदुस्थान पेट्रोलियम कॉर्पोरेशनची स्थापना झाली. इंडियन ऑइलचे 'सर्व्हो' हे नाव १९७२ पासून प्रचारात आले.

तथापि तेल सुधारले तरी एक अडचण शिल्लक होती. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत भारतीय डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत, म्हणजे दर दहा लाख भागांत दहा हजार भाग, गंधक चालत असे. गंधक जळून त्याची ऑक्साइडे तयार होतात व ज्वलनातील बाष्पाशी संयोग होऊन आम्ल बनते. हे आम्ल मारण्यासाठी तेलात अल्कधर्मी द्रव्ये मिसळलेली असतात. ती खर्ची पडली की धातू गंजू लागतो. अशा इंधनावर धावणाऱ्या डिझेल वाहनाचे तेल पाच हजार किलोमीटरवर बदलणारा मेकॅनिक अज्ञानी नव्हता. त्याच्या काळातील इंधनाला अनुसरूनच तो वागत होता.

टर्बोचार्जरचे आगमन

इंजिनातून वाया जाणाऱ्या निष्कास वायूवर चक्र फिरवून इंजिनात अधिक हवा दाबून भरण्याची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ मध्ये पेटंटद्वारे मांडली. प्रथम जहाजांच्या व अवजड वाहनांच्या इंजिनांत तिचा वापर झाला. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर या मोटारींतून ती प्रवासी वाहनांत आली. १९७८ मध्ये मर्सिडीज-बेंझने टर्बो डिझेल मोटार बाजारात आणली.

महाराष्ट्रात हे तंत्र सर्वसामान्य ग्राहकापर्यंत पोहोचण्यास पुढील दोन दशके लागली. पुण्यात तयार होणारी टाटा सफारी १९९८ मध्ये टर्बो डिझेल इंजिनासह आली. मराठवाड्याच्या दृष्टीने २००१ हे वर्ष विशेष महत्त्वाचे आहे. औरंगाबादजवळील (आजचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथे त्या वर्षी स्कोडा ऑक्टाव्हिया मोटारीची जुळणी सुरू झाली व तिच्यात टर्बो डिझेल इंजिनाचा पर्याय होता. २००२ मध्ये नाशिक येथे तयार होणारी महिंद्र स्कॉर्पिओ आली आणि टर्बो इंजिन तालुक्याच्या गावांतही परिचयाचे झाले. त्यानंतरच्या काळात लहान पेट्रोल मोटारींतही टर्बोचार्जर आला. टाटा नेक्सॉन (२०१७) हे त्याचे ठळक उदाहरण होय.

टर्बोचार्जरमुळे तेलावरील भार किती वाढला, हे समजून घेणे आवश्यक आहे. लहान मोटारीतील टर्बोचार्जरचा दांडा मिनिटाला दीड ते दोन लाख फेरे घेऊ शकतो. पेट्रोल इंजिनात त्याच्या एका टोकास सुमारे ९०० अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक तापलेला वायू असतो. दांडा व बेअरिंग यांच्यामध्ये केवळ तेलाचा पातळ थर असतो. ते तेल वंगणाचे काम करते आणि उष्णताही वाहून नेते. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद केल्यास तेलाचा प्रवाह थांबतो, तापलेल्या बेअरिंगमध्ये राहिलेले तेल करपते व त्याचा कोळसा होतो. १९८० च्या दशकात टर्बो मोटारींत हा दोष विशेषत्वाने जाणवला. त्यावर पाण्याने थंड होणारी बेअरिंगची घरे, उष्णता सोसणारे कृत्रिम तेल आणि इंजिन बंद करण्यापूर्वी अर्धा ते दोन मिनिटे मंद गतीने चालू ठेवण्याची सवय असे तीन उपाय पुढे आले.

तेलाची प्रतवारीही बदलली. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने १९८० च्या दशकात टर्बोचार्ज्ड अवजड डिझेल इंजिनांसाठी 'सीई' ही श्रेणी आणली. तिच्यानंतर 'सीएफ-४', 'सीएच-४', 'सीआय-४' अशा उत्तरोत्तर कठोर श्रेणी आल्या. थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी गतीला होणाऱ्या अकाली स्फोटावर नियंत्रण ठेवण्यासाठी २०१८ मध्ये 'एसएन प्लस' व २०२० मध्ये 'एसपी' या श्रेणी ठरविण्यात आल्या.

मुदत का वाढली ?

टर्बोचार्जरने तेलावरील भार वाढविला, तरीही छापील मुदत वाढत गेली, ही विसंगती वरकरणी बुचकळ्यात टाकणारी आहे. तिचे एक कारण सुधारित तेलात असले, तरी दुसरे व तितकेच महत्त्वाचे कारण इंधनात आहे. डिझेलमधील गंधकाची मर्यादा २००० पर्यंत दर दहा लाख भागांत २,५०० भागांवर आली. भारत स्टेज दोन मानकानुसार ती ५०० भाग, भारत स्टेज तीननुसार ३५०, तर २०१७ मध्ये देशभर लागू झालेल्या भारत स्टेज चारनुसार ५० भाग झाली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाच्या इंधनात ती केवळ १० भाग आहे. सुमारे पंचवीस वर्षांत गंधक एक हजारांश झाले. पाच हजारांच्या नियमाचा एक प्रमुख आधार येथे नाहीसा झाला.

याचा अर्थ लांब मुदत सर्वत्र निर्धोक आहे, असा मात्र नव्हे. नव्या डिझेल वाहनांत काजळीचा गाळक स्वच्छ करताना अधिकचे इंधन फवारले जाते. त्यातील काही अंश तेलात उतरतो आणि तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वाढू शकते. थेट फवारणीच्या पेट्रोल इंजिनातही आखूड फेऱ्यांमध्ये पेट्रोल तेलात मिसळून ते पातळ होते. म्हणून बहुतेक माहितीपुस्तिकांत धूळ, तीव्र उष्णता, आखूड फेऱ्या, ओझे ओढणे व इंजिन चालू ठेवून थांबणे यांचा 'कठीण वापर' असा स्वतंत्र उल्लेख असतो आणि अशा वापरात मुदत कमी करण्याची, पुष्कळदा निम्म्यावर आणण्याची, सूचना असते. ग्राहक सहसा पहिला मोठा आकडा वाचतो; ही पुढील ओळ वाचली जात नाही.

परळी परिसरातील परिस्थिती

बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेल्या परळीत उन्हाळ्यातील तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. येथील औष्णिक विद्युत केंद्राची उभारणी १९७० च्या दशकाच्या आरंभी ३० मेगावॅटच्या संचांनी झाली. पुढे २१० मेगावॅटचे संच आले व आज २५० मेगावॅटचे संच आहेत. केंद्राच्या राखेची वाहतूक ट्रकमधून होते. या राखेत सिलिका व ॲल्युमिना हे कठीण घटक प्रामुख्याने असतात. हवेच्या गाळण्यातून किंवा त्याच्या सैल जोडातून असे कण आत गेले, तर ते टर्बोचार्जरची पाती झिजवतात आणि तेलात मिसळून बेअरिंग खरवडतात. ऑइल वेळेवर बदलूनही हवेचा गाळणा दुर्लक्षित राहिला, तर त्या बदलाचा फारसा उपयोग होत नाही.

दुसरी बाब वापराची. परळीहून अंबाजोगाई साधारण २५ किलोमीटर आहे. श्रावणात व महाशिवरात्रीला वैद्यनाथ मंदिराकडे येणाऱ्या वाहनांना गर्दीत मंद गतीने सरकावे लागते. अशा वेळी किलोमीटर कमी भरतात, परंतु इंजिन चालूच असते. ताशी सरासरी ५० किलोमीटर वेगाने दहा हजार किलोमीटर कापण्यास इंजिन २०० तास चालते. सरासरी २० किलोमीटर असेल तर तेवढ्याच अंतरास ५०० तास लागतात. दोन्ही मोटारींच्या मीटरवर एकच आकडा दिसतो, पण तेलाचे वय अडीच पट भिन्न असते.

या प्रश्नाचे उत्तर परिसराला अपरिचित नाही. शेतकरी ट्रॅक्टरचे ऑइल किलोमीटरवर नव्हे, तर तासांच्या मीटरवर बदलतो, कारण नांगरणीत अंतराला अर्थ नसतो. औष्णिक केंद्रांतील टर्बाइनच्या हजारो लिटर तेलाबाबत आणखी पुढची पद्धत असते. त्या तेलाची आम्लता, पाण्याचे प्रमाण, घनता-प्रवाहिता व कणसंख्या प्रयोगशाळेत वेळोवेळी तपासली जाते आणि निर्णय तपासणीवर घेतला जातो. एकाच गावात अंतर, तास आणि स्थिती हे तिन्ही मापदंड असे नांदत आहेत.

टाकाऊ तेलाचा प्रश्न

आखूड मुदतीचा खर्च केवळ ग्राहकाच्या खिशापुरता मर्यादित नाही. वापरलेल्या तेलात धातूंचे कण व अपायकारक संयुगे असतात. ते गटारात वा जमिनीवर ओतल्यास माती व भूजल दूषित होते. दुष्काळप्रवण बीड जिल्ह्यात, जेथे २०१३ मध्ये पाण्याअभावी औष्णिक केंद्रही बंद ठेवावे लागले, तेथे ही हानी अधिक गंभीर ठरते. भारतात घातक टाकाऊ पदार्थांसंबंधीचे नियम १९८९ मध्ये प्रथम आले. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची विस्तारित जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. तालुक्याच्या गॅरेजपर्यंत संकलनाची साखळी पोहोचली, तरच या नियमाला अर्थ प्राप्त होईल.

निष्कर्ष

१. पाच हजार किलोमीटरचा नियम अधिक गंधकाचे इंधन व तुलनेने साधे तेल यांच्या काळात योग्य होता. आज तो सरसकट लागू करण्यास आधार उरलेला नाही.

२. दहा ते पंधरा हजारांची छापील मुदत स्वच्छ इंधन, निर्मात्याने सांगितलेल्या श्रेणीचे तेल व अनुकूल वापर या तीन अटींवर उभी आहे.

३. परळी परिसरातील धूळ, राख, उष्णता व आखूड फेऱ्या पाहता येथील पुष्कळ टर्बो मोटारी 'कठीण वापर' या वर्गात मोडतात. पंधरा हजारांची मुदत असलेल्या मोटारीसाठी सुमारे साडेसात हजार किलोमीटर किंवा सहा महिने, यांपैकी जे आधी येईल ते, ही मुदत येथे अधिक सुरक्षित ठरते. माहितीपुस्तिकेत कठीण वापरासाठी वेगळा आकडा असल्यास तोच प्रमाण मानावा.

४. तेलाची योग्य श्रेणी, हवेचा गाळणा, डिपस्टिकवरील पातळीची नियमित पाहणी आणि इंजिन बंद करण्यापूर्वीचा अल्प विराम यांचे महत्त्व मुदतीइतकेच आहे.

बैलगाडीचा मालक चाकाचा आवाज ऐकून वंगण घालीत असे. इंजिनातील तेल बिघडल्याचा आवाज कानावर येतो तेव्हा मात्र फार उशीर झालेला असतो. म्हणूनच मोटारीला आकड्याची गरज भासली. तो आकडा कोणत्या इंधनासाठी, कोणत्या तेलासाठी व कोणत्या रस्त्यासाठी ठरविला गेला, हे जाणून घेतल्यासच त्याचा विवेकाने उपयोग करता येईल.